सड्यावरच्या शाळेतलं गाऱ्हाणं

गोकुळदास परबाला जन्मात दोनच कामं नीट जमली. एक खाणीवरचा टिपर चालवणं आणि दुसरं देवासमोर गाऱ्हाणं घालणं. डिचोलीकडच्या खाणी बंद पडल्या, टिपर दारात उभा राहून गंजला आणि पहिलं काम गेलं. दुसरं बापाकडून आलेलं. ते कोणी काढून घेत नव्हतं आणि त्याचा कोणी पगारही देत नव्हतं.

घाटावरच्या माणसाला गाऱ्हाणं म्हटलं की रडगाणं वाटतं. गोव्यातल्या पेडण्यात तसं नाही. गावाचं काही ठरलं, काही बिघडलं, कोणाच्या घरी नवं काही व्हायचं असलं, की नारळ ठेवून देवाशी बोलावं लागतं, आणि ते बोलायला एक नेमलेला माणूस असतो. तो आधी घडलंय ते जसंच्या तसं सांगतो, चूक असेल तर ती कबूल करतो आणि मगच मागणं मागतो. त्याच्या प्रत्येक वाक्यावर मागे उभे असलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तो नुसता सूर नसतो. हे खरं आहे, आम्ही साक्षीला आहोत, असं ते देवाला सांगत असतात. गोकुळदासाचा बाप म्हणायचा, बाजारात खोटं बोल, बायकोशी तर बोलावंच लागतं, पण नारळासमोर नाही. गोकुळदासाने हे एकसष्टाव्या वर्षापर्यंत पाळलं. बायको कमलाक्षीचं म्हणणं एवढंच, की त्यातला पहिला अर्धा भाग तो जरा जास्तच पाळतो.

केरीहून आत वळलं की जो सडा, म्हणजे उंचावरचा कातळी माळ, लागतो, त्यावर आठेक वर्षांपूर्वी ती शाळा आली. किनाऱ्यावर बंगले घेऊन राहिलेल्या दिल्ली-मुंबईच्या लोकांच्या मुलांसाठी. तिला भिंती कमी आणि तत्त्वं जास्त. वर्गात बाक नाहीत, उशा. घंटा नाही, बासरी. मुलं शिक्षकांना नावाने हाक मारतात आणि शिक्षक मुलांची परवानगी घेऊन बोलतात. असो, ज्याची पोरं त्याला माहीत. पण सड्यावर चढणारी वाट देवस्थानाच्या जमिनीतून जायची, आणि गाव म्हणाला, वाट देतो, बदल्यात गावच्या पाच मुलांना फुकट शिकवा. शाळेने हे इतक्या आनंदाने मान्य केलं की गावाला तिथेच संशय यायला हवा होता. पाच जागांच्या ह्या योजनेला त्यांनी ‘समावेश’ असं नाव दिलं, तिच्यासाठी एक वेगळी मॅडम नेमली, मॅडमला काचेच्या दाराची खोली दिली आणि दारावर निरनिराळ्या रंगांच्या हातांचं चित्र चिकटवलं.

गोकुळदासाला त्याच शाळेच्या पहिल्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. फाटकं दोन होती. पहिल्यावर गोकुळदास, निळा सदरा घालून. दुसऱ्याच्या आत त्याने जायचं नाही, असं त्याला पहिल्याच दिवशी हसत हसत सांगण्यात आलं. मुलांना अनोळखी माणसाचं दडपण येतं म्हणे.

देवकी ही त्याची नात. मुलगा दत्ताराम तुयेच्या कारखान्यात पाळीवर, सून घरकामात, त्यामुळे पोर आजोबाच्या मांडीवर वाढली. गावच्या मराठी शाळेत पहिलीला होती तेव्हाच ती देवळाच्या पायरीवर बसून जत्रेची पत्रिका पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत खणखणीत वाचायची. म्हातारी माणसं तिला मुद्दाम वाचायला लावायची आणि हातावर खडीसाखर ठेवायची. सड्यावरच्या पाच जागांतली एक रिकामी झाली, तेव्हा ती तिलाच मिळायला हवी असं सगळ्यांना वाटलं, आणि गोकुळदासाला तर इतकं वाटलं की त्याला रात्री झोप येईना.

गावच्या शाळेच्या पद्मावतीबाई एवढंच म्हणाल्या, “गोकुळदासबाब, हें भुरगें हांगा बरें शिकता. थंय कोण शिकयता, तें एकदां बगून या.”

“बाय, थंय बसूंक सुदीक मऊ उश्यो आसत,” तो म्हणाला आणि हसला. बाईंच्या शाळेत तेव्हा दहा मुलं होती, ती नऊ झाली. बाईंना पट टिकवायचा आहे म्हणून त्या असं बोलतात, असं त्याने देवळात चार माणसांना सांगितलंही. ही त्याची चूक. ती त्याने पुढे अनेकदा कबूल केली, पण कबूल करून काय होणार होतं!

दोन वर्षं देवकी त्याच्यासमोरून आत गेली आणि बाहेर आली. पाचही गावकरी मुलांच्या गळ्यात पिवळा रुमाल असे. बाकीच्यांच्या नसे. गोकुळदासाने विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ह्या मुलांकडे जास्त लक्ष देता यावं म्हणून. त्याला ते पटलं. त्यांचे डबे मागच्या पायरीवर वेगळे उघडले जात, कारण सुक्या बांगड्याच्या वासाने इतर मुलांना मळमळतं. हे त्याला पटलं नाही, पण त्याने सुनेला सांगून डब्यातले मासे बंद केले. मग एकदा फोटोवाला आला. समावेश सप्ताहासाठी फाटकावर दहा फुटी फलक लावायचा होता. त्याने देवकीला पायांतले बूट काढायला सांगितले, केस जरा विस्कटले आणि तिच्या हातात एक पाटी दिली. त्या शाळेत पाटीवर कोणी लिहीत नव्हतं. ती पाटी फोटोवाल्याने म्हापशाच्या बाजारातून आणली होती. फलक लागला. रोज सकाळी गोकुळदास आपल्या नातीच्या अनवाणी पायांखाली खुर्ची टाकून बसायचा. बूट त्यानेच घेऊन दिले होते, दिवाळीला. तो स्वतःची समजूत घाली की फोटो फोटोच्या जागी, आत वर्गात तर ती त्यांच्या मांडीला मांडी लावून बसतेच ना.

ती बसत नव्हती. हे त्याला कळलं ते एका धामणीमुळे.

डिसेंबरातली गोष्ट. आतल्या ओसरीत धामण निघाली आणि सगळ्या तत्त्वांची पळापळ झाली. निसर्गाशी नातं जोडा असं भिंतीवर लिहिलेलं होतं आणि त्या भिंतीखालीच दोन शिक्षक मेजावर चढून उभे होते. दुसरं फाटक गोकुळदासासाठी उघडलं ते असं. त्याने काठी आणि गोणता नेला, धामण शेपटीकडून धरली, गोणत्यात घातली आणि उठता उठता तिसरीच्या वर्गात डोकावला. वीसेक मुलं उशांवर उभी होती. देवकी नव्हती. चौथीत पाहिलं, दुसरीत पाहिलं. पिवळा रुमाल कुठेच नाही.

स्वयंपाकघराच्या मागे, कोठीच्या खोलीला लागून, एक लांबट खोली होती. दारावर ‘सेतू कक्ष’ अशी सुबक पाटी. आत एक आया ओटीत शेंगा घेऊन सोलत बसली होती, आणि जमिनीवर पाच मुलं रंगीत कागदाची फुलं कातरत होती. सर्वांत धाकटं सातचं, सर्वांत मोठा अकराचा. गोणता हातात घेऊन गोकुळदास दारात उभा राहिला.

“हीं आज हंय कशीं?” त्याने आयाला विचारलं.

“आज?” आया म्हणाली, “दोन वर्सां हंयच आसत. पावणे आयले काय भायर काडटत.”

देवकीने मान वर केली आणि हसली. “आजा, बग, माजीं दोनशें फुलां जालीं!”

सापाला त्याने सड्याच्या टोकाला नेऊन सोडलं. परत येऊन खुर्चीत बसला. फलकावरच्या पायांकडे त्याला बघवेना.

त्या संध्याकाळी त्याने देवळाच्या जत्रेची नवी पत्रिका देवकीसमोर ठेवली. “वाच गो बाय.”

देवकीने ‘श्री’ वाचलं. पुढचा शब्द आठवल्यासारखं केलं. मग बोट पुढे सरकलं, थांबलं, पुन्हा मागे आलं. जोडाक्षर आलं की ती आजोबाच्या तोंडाकडे बघायची. सहाव्या वर्षी जी पोर धाडधाड वाचत होती ती आठ पुरी करून नवव्यात अंदाजाने बोलत होती. कमलाक्षी चुलीकडून उठून येऊन उभी राहिली. देवकीला वाटलं, आपण नापास होतोय. तिने पत्रिका बाजूला सारली, उभी राहिली, हात जोडले आणि इंग्रजीत गाणं म्हटलं, ‘वेलकम, वेलकम, डियर गेस्ट्स’. तीन कडवी, हातवाऱ्यांसकट. उच्चार अगदी साहेबी.

“इंग्लिश वाचतां येता?” गोकुळदासाने विचारलं.

“गाणां येता,” देवकी म्हणाली.

“मगे तुवें घरा कित्याक सांगलें ना?”

“कितें सांगूं? मॅडम म्हणता, आमी खास.”

गोकुळदास बाहेर अंगणात गेला आणि थुंकला. किळस आली होती, आणि ती कोणाची आली हे ठरवायला त्याला बराच वेळ लागला. मॅडमची तर होतीच. पण दोन वर्षं आपण फाटकात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘माजी नात’ म्हणून फलक दाखवत होतो, ह्याची जास्त.

दुसऱ्या दिवशी तो काचेच्या दारापाशी गेला. मॅडम तरुण होती, गोड होती, आणि तिने त्याला बसायला सांगून पाणीही दिलं. हिंदीत बोलली. म्हणाली, देवकीला एकदम मोठ्या वर्गात टाकलं तर तिच्या आत्मसन्मानाला धक्का बसेल. म्हणाली, सेतू कक्षात तिची तयारी चालली आहे. तयारी कधी पुरी होणार, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, प्रत्येक मुलाचा प्रवास वेगळा असतो.

“मॅडम,” गोकुळदास त्याच्या टिपरवाल्या हिंदीत म्हणाला, “प्रवास करायचा तर आधी गाडीत तरी बसवायला लागतं.”

मॅडम खळखळून हसली. तिला तो विनोद वाटला. मग ती पुढे वाकली आणि तिने आपली गरज सांगितली. जानेवारीत समावेश दिन आहे. पालक येणार, देणगीदार येणार. तुम्ही ते गावचं म्हणणं म्हणता ना, ज्यात लोक मागून उत्तर देतात? ते आम्हाला हवंय. अस्सल.

गोकुळदास म्हणाला, ते दाखवायचं नसतं. नारळ ठेवावा लागतो आणि जे असेल तेच बोलावं लागतं.

नारळ ठेवू की, मॅडम म्हणाली. आणि जाता जाता सहज सांगितल्यासारखं म्हणाली, की पाच जागांचा दर वर्षी फेरविचार होतो, कोण कुटुंब शाळेशी किती जोडलेलं आहे तेही बघतात.

टिपर चालवणाऱ्याला वळण कळतं. गोकुळदास उठला नाही. म्हणाला, “मी गाऱ्हाणं घालतो. त्या दिवसानंतर देवकी तिसरीच्या वर्गात बसली पाहिजे.”

“बिल्कुल,” मॅडम म्हणाली, आणि हात पुढे केला. त्याने तो हात धरला. त्याला अजून वाटत होतं की हात धरला म्हणजे शब्द झाला.

समावेश दिनाला जे काही चाललं होतं ते बघून माणसाचं जेवण तोंडातच फिरावं. बंगल्यांतली मंडळी गावठी दिसायला म्हणून कडक इस्त्रीचे गावठी कपडे घालून आली होती. दुपारच्या जेवणाला करवंटीतून पेज आणि सोबत, काय असेल, तर सुक्या बांगड्याची किसमूर! वर्षभर जिच्या वासाने मुलांना मळमळायचं, तिच्यासाठी रांग लागली होती आणि लोक करवंटीचे फोटो काढत होते. शेजारच्या बाबलीची बायको शाळेत स्वयंपाकाला होती, ती वाढून वाढून थकली. आया आणि ड्रायव्हर मात्र जनरेटरच्या खोलीमागे रोजच्या जागी जेवले. त्या दिवशी त्यांचं जेवण वेळेवर झालं नाही एवढाच काय तो फरक. पाच मुलं पिवळे रुमाल बांधून, अनवाणी, व्यासपीठावर एका ओळीत उभी होती. त्यांनी कातरलेली फुलं सगळीकडे लावलेली होती.

केळीच्या पानावर नारळ ठेवला होता. मॅडमने ध्वनिक्षेपकावर सांगितलं, की आजोबा थांबले की सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, होय महाराजा. तीनदा सराव करून घेतला. लोकांना फार मजा वाटली.

गोकुळदासाने ठरवलं होतं, चार गुळमुळीत वाक्यं बोलायची, पोरीची जागा मिळवायची आणि खाली उतरायचं. पण नारळासमोर हात जोडले, आणि जीभ तिच्या सवयीच्या वाटेला लागली. आधी जे घडलंय ते. मग मागणं. दुसरं त्याला येतच नव्हतं.

“बा देवा रवळनाथा, बारा वाड्यांच्या म्हाराजा! ह्या सड्यार आज जो मेळ जमलो आसा, तो तुज्या पायांकडे उबो आसा रे म्हाराजा!”

“होय महाराजा!” दोनशे माणसं ओरडली.

“ह्या इस्कोलाक गावान वाट दिली. बदल्याक पाच भुरग्यांची जागा मागली. ती तेंणी दिली, पूण कोठयेच्या फाटल्यान दिली रे म्हाराजा!”

“होय महाराजा!”

“शिकूंक धाडलेलीं भुरगीं दोन वर्सां कागद कातरतत. वाचूंक येतालां तां सुदीक विसरलीं रे म्हाराजा!”

“होय महाराजा!” पुढच्या रांगेतली एक बाई डोळे मिटून डोलत होती.

गोकुळदासाचा आवाज चढला. “ह्या मेळान आमच्या भुरग्यांच्या पायांतलीं व्हाणां काडून फोटो काडले! वर्सभर जेच्या वासान तेंका वांती येताली, तां आज मिटक्यो मारून खाल्लां! ह्यो मेळ खोटो रे म्हाराजा!”

“होय महाराजा!” हा सगळ्यांत मोठा झाला. कोणीतरी शिटी मारली.

मागे भिंतीला लागून उभ्या असलेल्या आया, ड्रायव्हर, बाबलीची बायको, ह्यांना शब्द न् शब्द कळत होता. सगळ्यांच्या माना खाली. एकीने पदर तोंडात कोंबला, तो हसू दाबायला की रडू, ते दिसलं नाही. व्यासपीठावरची पाच मुलं आजोबाकडे टक लावून बघत होती.

“हेंका चुकीची जाण दी. माज्या देवकीक वर्गाचां दार उगड. इतक्यां तरी कर रे म्हाराजा!”

“होय महाराजा!” आणि टाळ्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. गोकुळदास घामाने निथळला होता. त्याला वाटलं, आता कोणी येऊन आपल्याला हाकलेल. त्याऐवजी मॅडम आली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिने त्याला मिठीच मारली. “कमाल,” ती म्हणाली. “काय ताकद आहे तुमच्या परंपरेत!” एक शब्दही तिला कळला नव्हता आणि कोणाला विचारावासा वाटला नव्हता. माणसाला शिवी दिली आणि त्याने ती गळ्यात हार म्हणून घातली, तर शिवी देणाऱ्याने करायचं काय?

तीन दिवसांनी तो पुन्हा काचेच्या दारापाशी गेला. मॅडम खुशीत होती. देणगीदारांना सेतू कक्ष इतका आवडला होता, की पुढच्या वर्षी तिथे पाचाऐवजी दहा मुलं असणार होती. आणि देवकी? देवकीचा चेहरा तर नव्या पुस्तिकेवर छापून झाला होता. ती आता सेतू कक्षाची ओळख आहे. तिलाच तिथून हलवलं तर कसं दिसेल? पुढच्या वर्षी बघू. मॅडमच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. गोकुळदासाला त्याचीच जास्त शिसारी आली. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी त्याने देवकीच्या गळ्यातला पिवळा रुमाल काढून फाटकाच्या खिळ्याला अडकवला आणि तिचा हात धरून सड्याखाली उतरला. नोकरी सोडली असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने एका दिवसाची रजा घेतली, एवढंच. दत्तारामाच्या कारखान्यात तेव्हा पाळ्या कमी झाल्या होत्या आणि त्या घराला निळा सदरा लागत होता.

पद्मावतीबाई टोचून बोलल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. त्यांनी देवकीसमोर पुस्तक उघडलं, तिचं थोडं ऐकलं, मिटलं, आणि तिला पहिलीच्या मुलांत बसवलं. बाक लहान होता. देवकीचे गुडघे खाली मावेनात, म्हणून ती पाय बाहेर काढून तिरपी बसली. तिने सभोवार पाहिलं आणि हळूच विचारलं, “बाई, हंय फोटो कोण काडटा?”

गोकुळदास दाराबाहेर उभा होता. त्याने ते ऐकलं.

आठ दिवस गेले नाहीत तोच शेजारचा बाबली घरी आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. देवकीची जागा त्याच्या सहा वर्षांच्या गंगेला मिळाली होती. सोमवारी सकाळी ती सड्यावर जाणार, तर त्याआधी देवळात गाऱ्हाणं घालायला पाहिजे. “तूंच घालूंक जाय, काका,” बाबली म्हणाला. गोकुळदासाने पुडा उघडला नाही. पण नाही म्हणता येत नव्हतं. गावात कोणी गाऱ्हाण्याला बोलावलं तर नाही म्हणायचं नसतं.

देवळात वीसेक माणसं होती. गंगा नव्या फ्रॉकात, गळ्यात पिवळा रुमाल, आईचं बोट धरून. नारळ ठेवला होता. गोकुळदासाने हात जोडले. इथे प्रत्येकाला प्रत्येक शब्द कळत होता, आणि त्याला वाटलं, बरं झालं, आता तरी ऐकणारी माणसं आहेत.

“बा देवा रवळनाथा! बाबलीचां चेडू आज सड्यावयल्या इस्कोलांत जाता. त्या इस्कोलांत आमच्या भुरग्यांक कोण शिकयना. पावण्यांक दाखोवंक बसयतत. माजी देवकी दोन वर्सां तशी बसली आनी वाचूंक विसरली रे म्हाराजा!”

तो थांबला. मागून काहीच आलं नाही.

त्याने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. कोणी घसा खाकरला. कोणी खांबाकडे बघत होतं. कमलाक्षीसुद्धा पदर तोंडावर धरून उभी होती. चाळीस वर्षांत गोकुळदासाच्या वाक्यामागे अशी शांतता कधी पडली नव्हती.

“काका,” बाबली हळू आवाजात म्हणाला. रागाने नाही. “आमकां हें खबर ना अशें तुका दिसता? माजी बायल थंय रांदता. तो कोठो तिणां रोज बगलो आसा.”

“मगे?” गोकुळदासाने मागे न वळता विचारलं.

“मगे कितें? हंय गावांत ऱ्हवली तर माज्या चेडवाक कोण बगतलो? थंय फोटोंत तरी आसतली.”

कोणी त्याला गप्प कर म्हणालं नाही. दोन-तीन माना हलल्या. त्यांत ज्यांच्या पोरी-सुना सड्यावर भांडी घासायला जात त्याही होत्या. गोकुळदास नारळाकडे बघत उभा राहिला. सड्यावरच्या लोकांना काही कळत नव्हतं, निदान हे एक त्यांच्या बाजूने म्हणता येत होतं.

गाऱ्हाणं सुरू केलं की अर्ध्यावर टाकता येत नाही. त्याने ते पुरं केलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. “ह्या चेडवाचां बरां कर, तिच्या वाटेर आडमेळां येऊं दिऊं नको, तिका शिकय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वीसही जण एकदम म्हणाले, मोकळ्या गळ्याने.

त्याने नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले, पहिला तुकडा गंगेच्या हातावर ठेवला आणि मग सगळ्यांना वाटले. बाबली पाया पडला. लोक गंगेला घेऊन निघाले. आपल्या वाट्याचा तुकडा गोकुळदासाने तोंडाकडे नेला. त्याला तो आत घालवेना. तो पायऱ्या उतरून खाली आला, आणि देवाचं ते खोबरं त्याने तिथे बसलेल्या कुत्र्यापुढे टाकलं.